उखाण्याचा मूळ पाठ

तौलनिक साहित्यात एम.ए. केल्यामुळं माझा साखरपुडा मोडला.

आमच्या कवठे महांकाळात हा विषय कुणालाच कळला नव्हता. माझे चुलते तात्या फौजेतून रिटायर झालेले. ते पारावर सांगत, "पोरगं तोलायचं शिकतंय. कारखान्याच्या काट्यावर लागंल." प्रत्यक्षात मी उखाणे गोळा करत होतो. मराठी आणि कानडी उखाण्यांची तुलना! जतपासून जावळीपर्यंत इतक्या बायकांना मी नवऱ्याचं नाव घ्यायला लावलं, की मला बघून काही गावांतले पुरुष दारं लावून घेत.

अशात मेढ्याची शुभांगी सांगून आली. पहिल्याच भेटीत तिनं माझा विषय विचारला, मी पाऊण तास सांगितला, आणि तिनं जांभई दिली नाही. (आमच्या सरांनीही दिली होती.) मी तिथंच विरघळलो.

साखरपुडा मेढ्यात झाला. अंगठ्या घालून झाल्या आणि बायकांनी तिला नाव घ्यायला लावलं. ती लाजत म्हणाली,

"चहात टाकलं आलं, वर आली साय,
संदीपरावांचं नाव घेते, आणखी सांगू काय?"

टाळ्या पडल्या. इथं नवऱ्या मुलानं गालात हसायचं असतं. पण माझ्यातला संशोधक उठून उभा राहिला.

"छान. पण यात आधी दुसरं नाव होतं."

तात्या पुढं सरकले. "कुणाचं रं?"

"एकाचं न्हाई, तात्या. लय नावं हायत. माझ्याकडं रेकॉर्डिंग हाय." (हा माझा खुलासा होता!)

शुभांगीचे मामा उठले. "पाव्हणं, आमच्या पोरीचं कसलं रेकॉर्डिंग हाय तुमच्याकडं?"

"तिचं न्हाई, मामा. दुसऱ्या बायकांचं. गावोगावच्या."

आईनं पदर तोंडाला लावला. "ह्याच्यासाठी हिंडत हुतास व्हय रं तू?"

शेवटी शुभांगीच मधे पडली. "मामा, आवं, ते उखाण्याचं बोलत्यात. अभ्यास हाय त्यांचा."

मामा जरा निवळले. "असं व्हय? मग आता तुमी घ्या आमच्या पोरीचं नाव. म्हंजी मिटलं."

शुभांगीनं माझ्याकडं बघून मान हलवली. फक्त तिचं नाव घ्यायचं होतं. मला तर शेकड्यांनी उखाणे तोंडपाठ! त्यातला सगळ्यात देखणा निवडला, डोळे मिटले, आणि विद्यापीठानं शिकवल्याप्रमाणं मूळ पाठात कानामात्रेचाही फरक न करता म्हणालो,

"उसाला मिळाली पाण्याची पाळी,
मंगलचं नाव घेतो दिवेलागणीच्या वेळी."

मंगल ही कडेगावच्या एका आजोबांची बायको. हे सांगायला मी डोळे उघडले, तोवर तात्या "आता ही मंगल कोण?" असं विचारून बसले होते, आणि मामांनी बाह्या सारल्या होत्या. शुभांगी मात्र शांत होती. तिनं बोटातली अंगठी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"एक नाव बदलायचं हुतं," ती म्हणाली. "तेवढंबी न्हाई जमलं?"

आता मी सांगलीत तासावर शिकवतो. पोरं विचारतात, "सर, हा विषय घेऊन माणूस कुठपर्यंत जातो?"

मी सांगतो, "मेढ्यापर्यंत जातो, गड्यांनो. पण जावई म्हणून जायचं असंल, तर दुसरा विषय घ्या."