विनूच्या बॉनेटची बिजागरी

आमच्या नागावात किस्से वाळत घातलेल्या सुपारीसारखे साठतात. रोज थोडे थोडे, आणि एक दिवस बघावं तर अंगणात पाय ठेवायला जागा नाही! शेजारच्या माईंच्या विनूने तर एका गाडीवर आमची बेगमी करून ठेवली.

आमच्याकडे विजेचे खांब आले होते, दिवे यायचे होते, तेव्हाची गोष्ट. विनू मुंबईला एका कंपनीत होता. तिथला गोरा साहेब मायदेशी जाताना आपली लाल स्पोर्ट्स कार याच्या गळ्यात मारून गेला. दोनच माणसं बसणार, डोक्यावर छप्पर नाही, आणि जमिनीला इतकी टेकलेली की आत बसायचं म्हणजे पंगतीला बसल्यासारखं.

मी हात लावून पाहिला. पत्रा लागेना.

"काकू, फायबरग्लास आहे. काचेच्या धाग्यांचं अंग," विनू म्हणाला.

"काच आहे तर आरपार दिसत का नाही रे?" मी विचारलं.

त्यावर तो इंग्रजीत काहीतरी बोलला. माईंनी मात्र काच हा एवढाच शब्द धरला आणि संध्याकाळी गाडीवर गोधडी घातली. कोंबड्यांनाही त्या बाजूला बंदी!

*

गाडी आणली होती ती चौलच्या तात्यांच्या कुसुमला पसंत पडावी म्हणून. कुसुम लहानपणापासून विनूच्या मनात होती. गाडीतून मुलगी बघायला जाणारा हा आमच्या आळीतला पहिलाच.

चौलचा रस्ता म्हणजे खड्ड्यांना जोडणारी माती. एका हिसक्याला बॉनेटचा खटका सुटला आणि ते वाऱ्याने उठून समोरच्या काचेवर उभं राहिलं. पुढचं दिसेना. विनू मान बाहेर काढून हाकतोय, माई डोळे मिटून रामरक्षा म्हणतायत, अशी ही स्वारी थेट तात्यांच्या अंगणात, वाळत घातलेल्या सुपारीवर जाऊन थांबली. बॉनेटच्या दोन्ही बिजागऱ्या टवक्यांसकट उपटून आल्या होत्या.

तात्यांनी आधी सुपारीकडे पाहिलं, मग विनूकडे. म्हणाले, "आधी गाडीचं तोंड मिटवून आणा. मग आमच्या मुलीचा विषय उघडू."

चहासुद्धा विचारला नाही हो!

*

विनूने गोमा लोहाराला गाठलं. गोमाने वाड्यांच्या दिंडीदरवाजांची कामं केलेली, त्यामुळे त्याने बिजागऱ्याही त्याच मापाने ठोकल्या. हत्ती बांधावा अशा. पहिल्याच दिवशी बोल्ट निघाले आणि आधीच्या भोकाच्या जागी खिंडार पडलं.

विनू तणतणत गेला, तर गोमाने भाता थांबवलासुद्धा नाही. म्हणाला, "माजी बिजागरी शाबूत हाय. गाडीच कच्ची निगाली तुमची, त्याला मी काय करू?"

*

मग विनूने मुंबईहून रेझिनचा डबा आणि काचेचं कापड आणलं. सगळं स्वतः करणार! माईंच्या पिठल्याच्या पातेल्यात रेझिन कालवलं. आमच्या उकाड्यात ते असं झटपट आळलं की डाव आत उभाच राहिला. तो अजून उभा आहे.

उरलेलं त्याने भोकांवर थापलं आणि बॉनेट मिटून ठेवलं. सकाळी बॉनेट आणि गाडी एकजीव.

"आता कधीच उघडणार नाही," विनू अभिमानाने म्हणाला.

"मग तेलपाणी कुठून घालणार, नाकातून?" माई म्हणाल्या.

शेवटी करवतीने सोडवलं. ती काचेची कुसं अंगात गेल्यामुळे विनू आठवडाभर खाजवत होता. मुलाला खरूज आहे, ही बातमी चौलला पोचली. बातमीला गाडी लागत नाही. तात्यांनी निरोप धाडला की पुढच्या रविवारी येऊन बघतो, गाडीही आणि कातडीही. नाहीतर पनवेलचं स्थळ तयार आहे.

त्या दिवशी विनू जेवला नाही.

*

उरला खाडीवरचा दामाजी कोळी, होड्या बांधणारा. त्याने बॉनेटच्या पोटाला आडवी सागाची फळी दिली आणि बिजागऱ्या तिच्यातून आरपार आवळल्या. इथवर ठीक. पण लाकूड म्हटलं की त्याचा हात आपसूक मुशी माशाच्या तेलाकडे जायचा. फळीला त्याने दोन हात तेल पाजलं. त्यानंतर गावातली सगळी मांजरं विनूच्या बॉनेटवर मुक्कामाला!

*

रविवारी तात्या आले. नाकाला उपरणं लावून त्यांनी विनूची कातडी तपासली, मग बॉनेट उघडलं, आपटलं, वर करून त्याला लोंबकळूनही पाहिलं. बिजागऱ्या ढिम्म. मांजरंसुद्धा परत येऊन बसली. तात्यांचा चेहरा जरा सैल पडला.

दामाजी पुढे झाला. दुरुस्त होडी नारळ फोडल्याशिवाय पाण्यात लोटायची नाही, आणि तो मान वडीलधाऱ्याचा. त्याने नारळ तात्यांच्या हातात दिला.

"कुठे फोडायचा?" तात्यांनी विचारलं.

"होडीच्या नाळंवर फोडतात. म्होरल्या टोकाला."

तात्यांनी मांजरं हाकलली, धोतर सावरलं आणि नारळ दोन्ही हातांनी बॉनेटवर हाणला.

नारळ अख्खा राहिला. बॉनेट या टोकापासून त्या टोकापर्यंत उललं.

दामाजीने वाकून बिजागरी हलवून पाहिली. "हालली न्हाय," तो म्हणाला.

विनू तात्यांकडे बघत राहिला. तात्यांनी तो नारळ उपरण्याने स्वच्छ पुसला, विनूच्या हातात ठेवला आणि विचारलं,

"मुहूर्त कधीचा धरायचा?"