माएंगदादांच्या रक्तातलं फाजील प्रथिन

कोरियातल्या तोंग्योंगच्या बंदरावर माएंग गिल्सूंना शिकवण्यासारखं कुणाकडे काही उरलं नव्हतं. बस चालवून निवृत्त झाल्यापासून ते मिरुक डोंगर चढणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष होते, आणि अध्यक्षाला सगळंच कळतं अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

त्या वसंतात त्यांची कंबर धरली. मंडळात प्रत्येकाजवळ इलाज तयार. एकाने सुया टोचून घ्यायला लावल्या, दुसऱ्याने वाम माशाचं सूप पाजलं, तिसऱ्याने सार्वजनिक न्हाणीघरातल्या कढत हौदात बसवून ठेवलं. माएंग लालबुंद होऊन बाहेर आले. कंबर होती तशीच.

मग राजधानीत, सोलला राहणाऱ्या लेकीने आईबापांची सगळी तपासणी करवून घेतली. अहवालात माएंगच्या रक्तातल्या प्रथिनांपुढे वर जाणारा बाण होता. शेजारी बारीक अक्षरांत 'पुढील तपासणी करावी' असंही होतं; पण चष्मा घरी राहिला होता आणि बाण बिनचष्म्याचा दिसत होता.

"तुम्हा लोकांना प्रथिनं कमी पडतात," हौदात गळ्यापर्यंत बुडून त्यांनी जाहीर केलं. "माझ्या तर अंगात मावत नाहीत!"

"दादा, खाता तरी काय?" मंडळातल्या, सुकी मासळी विकणाऱ्या बांगने आदराने विचारलं.

"वाम. कालवं. आणि वर परत वाम."

मंडळ वामीवर तुटून पडलं. पंधरवड्यात बांगच्या पायाचा अंगठा टम्म सुजला. माएंग मात्र डोंगराच्या पहिल्याच वळणावर धापा टाकू लागले. "अध्यक्षाने मागच्यांवर लक्ष ठेवायचं असतं," असं म्हणत ते सगळ्यांच्या मागे राहायचे.

"अहो, तोंड पांढरंफटक पडलंय, लघवीला साबणासारखा फेस येतोय," बायको मालसून म्हणाली. "डॉक्टरकडे चला."

"प्रथिनं उतू जातायत. तुला नाही कळायचं."

एका सकाळी त्यांना जेवता जेवता शिंक आली आणि बरगडी मोडली. शिंकेने! मालसूनने त्यांना टॅक्सीत कोंबून मोठ्या इस्पितळात नेलं.

रक्त तपासून झालं, हाडातला मगज तपासून झाला. डॉक्टर ओकबाईंनी पडद्यावर एक आलेख दाखवला. बुटक्या टेकड्यांमधून एकच सुळका वर गेला होता.

"हे शिखर कुठलं?" माएंगनी जाणकारासारखं विचारलं.

"तुमच्याच रक्तातलं, काका. जंतूंशी लढणारी प्रथिनं असतात ना, प्रतिपिंडं, त्यांचं."

"म्हणजे माझी प्रतिकारशक्ती जबरदस्त!"

"उलट आहे. जंतू नाना तऱ्हेचे, तशी प्रतिपिंडंही नाना तऱ्हेची लागतात. तुमच्या हाडांच्या मगजातली एक पेशी बिघडली, तिची बेसुमार पिल्लावळ झाली, आणि ती सगळी एकच बिनकामाचं प्रथिन ओतत बसलीय. चांगल्या पेशींना जागा नाही, म्हणून रक्त कमी, म्हणून धाप. हाडं झिजली, म्हणून कंबर दुखते, म्हणून बरगडी गेली. त्या प्रथिनाचेच तुकडे मूत्रपिंडात अडकतायत. याला मायलोमा म्हणतात. कर्करोग आहे हा."

"उद्यापासून वाम बंद," माएंग घाईघाईने म्हणाले.

"वामीचा काही संबंध नाही. खा, नाहीतर खाऊ नका. ती पेशी कुणाचं ऐकत नाही."

दोष द्यायला वामसुद्धा उरली नाही. लिफ्टमध्ये त्यांनी मालसूनची बाही धरली, ती तळमजला येऊन गेला तरी सोडली नाही. तिनेही सोडवली नाही.

इंजेक्शनं सुरू झाली, सोबत स्टेरॉइडच्या गोळ्या. गोळीच्या दिवशी त्यांच्या अंगात असं वारं शिरायचं की ते बसायलाच तयार नसत. मालसूनने त्यांच्यापुढे किमचीचा, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचा, लसूण सोलायला ओतला. तो सोलून संपला, तशा शेजारणी आपापला लसूण घेऊन आल्या.

तोंडाला मास्क लावून, लंगडत बांग आला. "दादा, वाम खायला लावून माझा अंगठा घालवलात."

"हं. आणि तुझीही कंबर दुखते ना? रक्त तपासून घे."

"मंडळाला विचारतो."

"मंडळाला कशाला? मंडळ म्हणजे मीच ना, गाढवा! डॉक्टरला विचार."

शरद ऋतूपर्यंत तो सुळका बराच खाली आला. ओकबाई म्हणाल्या, "बरे झालात असं नाही म्हणणार. रोग दबलाय. परत डोकं वर काढू शकतो, म्हणून येत राहायचं."

"येईन," माएंग म्हणाले, आणि चिठ्ठीवरची बारीक अक्षरांतली पुढची तारीख मालसूनला मोठ्याने वाचून दाखवायला लावली.