हळूमामांचा उतार

खाडीत होड्या लागायच्या त्या आमच्या उतारावर सगळ्यांत भित्रा माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं, तर शेंबड्या पोरानेही हळूमामांकडे बोट दाखवलं असतं. आणि खाडीपलीकडे जायला कुणाच्या होडीत बसू, असं विचारलं असतं, तरी त्या पोराने पुन्हा त्यांच्याचकडे बोट दाखवलं असतं. होडी सोडण्याआधी मामा आभाळ बघत, पाणी बघत, मशीन बघत, मग बसलेल्या माणसांचे चेहरे बघत. कुणी चुळबुळ करत असेल तर त्याला मधे बसवत. सगळं ठीक दिसलं की ते अधिकच काळजीत पडत. "सगला ठीक दिसतंय, कायतरी ऱ्हायलं असंल," असं पुटपुटत आणि पुन्हा एकदा मशीनचं झाकण उघडून बघत.

मी तेव्हा पलीकडच्या गावात उपकेंद्रावर नर्स होते. राहायला आगाशीत, एका बागायतदाराच्या घरी भाड्याच्या खोलीत. रोज सकाळी टेम्पोने खाडीपर्यंत जायचं, तिथून होडीने पलीकडे. माझं माहेर साताऱ्याकडचं. गावची नदी उन्हाळ्यात चालत ओलांडलेली मी, खाडीचं ते गढूळ, फुगलेलं पाणी पाहून पहिल्या दिवशी धक्क्यावरच थबकले. धक्क्यावरून पाण्यात उतरत गेलेला दगडी उतार, खालच्या अर्ध्या भागावर हिरवं शेवाळ. मी चपला घालून, लशींची पेटी छातीशी धरून उभी. खालून एक वाळका, उन्हाने रापलेला माणूस ओरडला, "बाय, हळू! चपला हातात घे. पेटी आदी दे, मंग हात दे." त्यांचा हात माझ्या हातापेक्षा जास्त थरथरत होता. का कोण जाणे, पण त्यानेच मला धीर आला.

'हळू' हा शब्द ते दिवसभर इतका उच्चारत, की तेच त्यांचं नाव झालं. त्यांची बायकोसुद्धा "हळू जेवायला आला काय?" असं विचारी. त्यांना तिची चेष्टा कळत होती. ते म्हणत, "हस तू. बुडालेली होडी कंदी हळू चाललेली नव्हती."

उताराचे कायदे कुठे लिहिलेले नव्हते, पण मामांना ते तोंडपाठ होते, आणि ते मोडले जातील या धास्तीने त्यांचा जीव खालीवर होत असे. सामान बांधायचं, जाळी झटकायची, तेल भरायचं, भांडायचं, ते सगळं वर धक्क्यावर. उतारावर फक्त चढायचं आणि उतरायचं. भरलेली होडी येत असेल तर रिकाम्या होडीने बाजूला व्हायचं. दुसऱ्याच्या होडीला न विचारता दोर बांधायचा नाही. आणि उताराजवळ येताना मशीन लांबूनच कमी करायचं, कारण कमरेइतक्या पाण्यात बायका मासळीच्या पाट्या उतरवत उभ्या असतात. आजारी माणूस असेल तर वल्ह्याला पांढरा पंचा बांधून उभा धरायचा. तो दिसला की उतारावरच्या सगळ्या होड्या हटत आणि कुणीतरी टेम्पोवाल्याला हाक मारायला धावे.

मामा हे सगळं दरडावून सांगत नसत. विनवत. दोन तरणी पोरं उतारावर आधी कोण लागणार म्हणून एकमेकांच्या अंगावर गेली, तेव्हा मामा मधे जाऊन उभे राहिले आणि रडकुंडीला येऊन म्हणाले, "माज्या छातीत धडधडतं रं. वर जाऊन मारामारी करा, मी बी बघाया येतो." पोरं हसली, भांडण तिथेच विरलं. मामांची धडधड मात्र दुपारपर्यंत चालू होती. मी नाडी पाहिली तेव्हा खरोखरच घोडा पळत होता.

मुंबईत बॉम्बस्फोट झाल्यानंतरची ती वर्षं. किनाऱ्यावर गस्त वाढली होती आणि आमच्या खाडीतही एक करडी बोट येऊ लागली. ती कोणत्या खात्याची, हे आम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. सगळे तिला 'सरकारी' म्हणत. "सरकारी आली" असं कुणी म्हटलं की उतारावर बोलणं बंद होई. ती यायची तीच वेगात. मागे उठलेल्या लाटांनी बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटत. मग ती उताराच्या बरोबर मधे आडवी लागे, माणसं खाली उतरत, होड्यांचे कागद मागत, पाट्यांमध्ये काठी घालून बघत आणि चहाला वर बाजारात जात. ती जाईपर्यंत बाकीच्यांनी खाडीत तरंगत थांबायचं.

त्यांच्यातले सगळेच वाईट नव्हते, हेही सांगायला हवं. एकदा मशीन बंद पडून समुद्राकडे वाहत चाललेली होडी त्यांनीच ओढून आणली होती. एक कोवळा जवान तर म्हातारीची पाटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन धक्का चढला होता. पण मामांना गणवेश दिसला की ते डोक्यावरची टोपी काढून हातात घेत आणि कुणी विचारायच्या आत कागदांची पिशवी पुढे करत. त्यांच्या धाकट्या भावाला एकदा कुठल्याशा चौकशीला नेलं होतं. काही निघालं नाही, चार दिवसांनी सोडला. पण परत आलेला भाऊ पुन्हा होडीत बसला नाही. गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात लागला, तिकडेच राहिला. मामा त्याच्याबद्दल एवढंच म्हणत, "मारला नाय त्याला कोनी. नुसता बसवून ठेवला. त्यातच तो संपला."

एका सकाळी सरकारी अशीच वेगात आली, तेव्हा गुडघाभर पाण्यात तीनचार बायका उभ्या होत्या. लाट आली, होडी उसळली, आणि तिची कड एकीच्या गुडघ्यावर बसली. बाई पाण्यात गेली, पाटी वाहून गेली. आम्ही तिला वर ओढलं, मी गुडघा बांधला. बोटीवरच्या साहेबांनी "लागलं का?" असं विचारलंही. ती बाई कळ दाबत म्हणाली, "नाय साहेब." सगळे खाली बघत होते. त्या दिवशी मामांनी डबा उघडला नाही. परतीच्या फेरीत ते सुकाणूवर बसून एकच वाक्य म्हणत राहिले, "कोनीतरी बोलाया पायजे व्हतं." त्यानंतर त्यांची झोप गेली. मामी मला म्हणाली, "रात्री उठून बसतो. म्हनतो, पुढल्या टायमाला काय?"

पुढची वेळ आली ती पावसाळा सरल्यावर, एका टळटळीत दुपारी. पलीकडच्या कुंदाला दिवस भरत आले होते. पहिलटकरीण. सासू मला बोलवायला आली ती धावतच, आणि मी जाऊन पाहते तर रक्तस्राव सुरू झालेला. उपकेंद्रात माझ्याकडे जे होतं ते मी केलं, पण हे माझ्या हातातलं काम नव्हतं. विरारला दवाखान्यात पोचवल्याशिवाय उपाय नव्हता. कुंदाचा नवरा जनू आणि आम्ही तिला चादरीच्या झोळीत घालून होडीत आणलं. मामांनी वल्ह्याला पंचा बांधून जनूच्या हातात दिला. ओहोटी लागली होती. मामा एकदाही 'हळू' म्हणाले नाहीत, तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

लांबूनच दिसलं, पंचा पाहून होड्या हटत होत्या. वर टेम्पो उभा राहिला. आणि उतार मोकळा झाल्यावर मधे उरली एकटी करडी बोट. साहेब लोक चहाला गेले होते. दोन्ही बाजूंना ओहोटीने उघडा पडलेला मांडीभर चिखल. त्यात झोळी घेऊन उतरणं म्हणजे रुतणं.

बोटीवर एकच जवान होता, तोच पाटी उचलणारा. मामांनी टोपी काढली, हात जोडले. "साहेब, वाट द्या. बाळंतीन हाय."

"काका, साहेब आल्याशिवाय बोट हलवता येत नाही मला. मला चालवताच येत नाही."

"मंग तुमच्यावरनं जाऊ द्या. अंगाला लावतो होडी."

"वर कुणाला घ्यायचं नाही, ऑर्डर आहे." तो पुन्हापुन्हा बाजाराच्या रस्त्याकडे बघत होता.

कुंदाचा हात माझ्या हातात होता. तो गार पडत चालला होता. मी ओरडले, "मामा, वेळ नाही!"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग कुणाला काही न विचारता त्यांनी होडी सरकारीच्या अंगाला लावली, तिच्या कड्यात आपला दोर ओवला आणि अनवाणी पायांनी वर चढले. टोपी त्यांनी खिशात कोंबली. "धर रं जनू," ते म्हणाले. झोळीचं एक टोक जनूकडे, दुसरं मामांकडे. मधेच मामांचा पाय घसरला आणि झोळी कलली. तेवढ्यात त्या जवानाने बंदूक खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी झोळीला खालून आधार दिला. तिघांनी मिळून ती करडी बोट ओलांडली.

आम्ही अर्धा उतार चढलो असू, तेव्हा वरून साहेब येताना दिसले. "ए! कुणाला विचारून चढलास बोटीवर?" मामा जागच्या जागी थांबले. जमलेल्या माणसांतल्या एकाने त्यांच्या हातातलं झोळीचं टोक घेतलं. मी मागे वळून पाहिलं, तर मामा टोपी शोधत होते. ती त्यांच्या खिशातच होती. टेम्पो सुटला, आणि पुढे त्यांचं काय झालं ते मला दिसलं नाही.

विरारपर्यंतचा तो रस्ता मला आजही आठवायला नको वाटतो. एक डोळा कुंदाच्या चेहऱ्यावर आणि मन उतारावर. दवाखान्यात ऑपरेशन झालं. मुलगी झाली. कुंदाला रक्त चढवावं लागलं, पण ती तरली. संध्याकाळी मी खाडीवर परत आले तेव्हा मामा वरच्या दगडावर बसले होते. कागदांची पिशवी साहेबांनी ठेवून घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात यायला सांगितलं होतं. मी म्हटलं, "मुलगी झाली मामा, दोघी ठीक आहेत." ते म्हणाले, "बरा झाला," आणि लगेच, "उद्या मला बसवून ठेवतील काय गो?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. बाकावर आम्ही बसून राहिलो. मामांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. मधेच उठावं लागलं आणि नेमकं तेव्हाच नाव पुकारलं तर, ही भीती. आत बोलावलं तेव्हा साहेबांनी मान वर न करता विचारलं, "सरकारी बोटीवर परवानगीशिवाय चढलं तर काय होतं, माहीत आहे?"

"हो साहेब."

"मग का चढलात?"

मामांनी हात जोडले. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दाराशी उभा असलेला तो जवान म्हणाला, "सर, मीच हात दिला त्यांना."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी मला विचारलं, "ती बाई?"

"आहे साहेब. मुलगी झाली. अर्धा तास उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले."

त्यांनी टेबलाच्या खणातून पिशवी काढून मामांपुढे ठेवली. "पुन्हा असं करायचं नाही," म्हणाले. मामा म्हणाले, "नाय साहेब," आणि मग दारापर्यंत जाऊन मागे वळले. सगळं अंग कापत होतं. "साहेब, तुमी जरा कडेला लावाल काय बोट? मंग मला चढावा लागनार नाय." साहेबांनी पुढची फाईल ओढली. आम्ही बाहेर पडलो आणि मामा पायरीवरच बसले. मी त्यांना विचारलं, "एवढी भीती वाटत होती, तर चढलात कसे काल?"

"वाटली ना," ते म्हणाले. "ती काय खाली ऱ्हायली व्हती? ती बी चढली माज्यासंगती."

त्यानंतर काही दिवस सरकारी आलीच नाही. मग एका सकाळी आली, ती खाडीच्या वळणावरच मशीन कमी करून. पाण्यात उभ्या बायका आधी पळायला निघाल्या, मग थांबल्या. बोट संथपणे येऊन उताराच्या अगदी कडेला लागली आणि एक माणूस तिच्यावरच बसून राहिला, हलवायला. मला वाटलं, मामा आता तरी हसतील. ते टोपी हातात घेऊन बघत होते. "आज आली हळू," म्हणाले. "साहेब बदलला तर मंग?" आणि साहेब बदलले, तेव्हा नव्या साहेबांसमोरही मामा हात जोडून उभे राहिले. तेच मागणं, तसंच कापणारं अंग.

पुढे माझी बदली झाली. लग्न झालं, विरारला फ्लॅट घेतला. मामा एकदाच घरी आले. समोरच्या रस्त्यावरची रहदारी बघून पलीकडेच उभे राहिले आणि शेवटी मला खाली उतरून त्यांना हाताला धरून आणावं लागलं. हळूहळू जाणंयेणं कमी झालं. ते गेले तेही मला उशिरा कळलं. कसल्याशा तापाने, घरात, अंथरुणावर.

मी खाडीपलीकडे मामीला भेटायला गेले. एवढ्या वर्षांत मामी वाळून गेली होती. चहा दिला, कुंदाच्या मुलीबद्दल सांगितलं. ती आता निर्मळला मावशीकडे राहून शिकत होती. मग मामी म्हणाली, "तो व्हता तवा मी कंदी घाबरलीच नाय बघ. सगल्यांच्या वाटचा तोच घाबरायचा. आमी निवांत झोपायचो. आता वारा सुटला का मीच उठून बसते."

संध्याकाळच्या आत निघायला हवं होतं. मामी पाण्यापर्यंत आली. कमरेच्या पिशवीतून मुलाने घेऊन दिलेला मोबाईल काढून मला दाखवला आणि माझा नंबर त्यात घालून घेतला. "पोचलीस का फोन कर गो." मी हसून हो म्हटलं. पलीकडे उतरल्यावर, धक्का चढून जायच्या आधीच, मी फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिने उचलला.