मापाचा ब्लाउज

ऑपरेशन होऊन, डावा स्तन काढून बरेच महिने झाले होते. रिपोर्ट चांगले होते, पण हे माझ्या शरीराला कुणी कळवलं नसावं. कुकरची शिट्टी झाली तरी छातीत धडधडायचं, तळवे गार पडायचे, श्वास गळ्याशी अडकायचा. दर वेळी वाटायचं, कॅन्सर आला परत. ईसीजी काढला, तोही उत्तम. डॉक्टर म्हणाले, "ही भीती आहे. श्वास सावकाश सोडत जा." मी घरी येऊन सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं.

तेवढ्यात मुलीचं लग्न ठरलं. कार्यालयभर माणसांसमोर मला दिवसभर उभं राहायचं होतं आणि मधेच पळून जायचं नव्हतं. बाकी मानपान गेलं खड्ड्यात.

साडी घेतली. ब्लाउज शिवायचा म्हणजे टेप आली, टेप म्हणजे कुणाचा तरी हात. त्यावर मी अक्कल लढवली. कोथरूडला आमच्या गल्लीतल्या टेलरबाईंकडे मापाला जुना ब्लाउज दिला की त्या अंगाला हात न लावता शिवून देतात. मी दिला. ऑपरेशनच्या आधीचा.

ब्लाउज अगदी बिनचूक शिवून आला. दुकानातल्या पडद्यामागे घालून पाहिला, तर डावी बाजू रिकामी लोंबत होती.

"बसत नाही," मी म्हणाले.

बाईंनी दोन्ही ब्लाउज एकावर एक ठेवले. "अहो ताई, सुतभर फरक नाही. माप तुम्हीच दिलंत ना?"

"दिलं. पण डावीकडचं काढलंय. कॅन्सर होता."

घराबाहेर हे मी कुणाला पहिल्यांदाच सांगत होते. लगेच धडधड सुरू झाली, तोंड कोरडं पडलं, हातपाय गार.

बाईंनी जुना ब्लाउज उचलला. मग म्हणाल्या, "मग हा कशाला दिलात मापाला? माझी मेहनत फुकट गेली की."

मला राग आला. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. इतके दिवस माझ्याशी सगळे आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलत होते.

स्टुलावर बसून सावकाश श्वास सोडला. पुन्हा सोडला. धडधड काही थांबेना. ती थांबायची वाट पाहत बसले असते तर लग्न उरकून गेलं असतं. उठले, ऑपरेशनपासून आखडलेला डावा हात जमेल तेवढा वर केला आणि म्हणाले, "घ्या नवीन माप."

टेप डावीकडे आली तशा बाई थांबल्या. "दुखेल का हो?"

"दुखत नाही," मी म्हणाले. "भीती वाटते. सारखी वाटते."

"बरं," म्हणत त्यांनी हलक्या हाताने माप घेतलं. छाती धडधडतच होती, पण मी जागची हलले नाही.

संध्याकाळी मुलीला तेच सांगितलं. ठीक नाहीये, सारखी भीती वाटते. वाटलं, ही आता रडणार. तिने फोन बाजूला ठेवला आणि माझ्या डावीकडे अगदी खेटून बसली. ऑपरेशनपासून त्या बाजूला मी कुणालाच बसू दिलं नव्हतं.