अंगावर चार लुगडी

या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी सव्वासात वाजता, देऊळगाव राजाच्या स्टँडवर एका आजीबाईचा अपमान झाला. जालन्याच्या गाडीत चढताना कंडक्टरने तिला दारातच अडवलं. "बुढे, तू एकलीच दोन जागा अडवशीन. दोन तिकिटं घे, नाही तं उतर!" सगळी गाडी हसली. मी चिडून ओरडलो, "माणूस मापून तिकीट देता काय हो?"

आजी मात्र मजेत होती. तिने एकावर एक नेसलेल्या लुगड्यांचे काठ चिमटीत धरून दाखवले. चार होते. तिची मुलगी मस्कतला बाळंत होणार होती. विमानाचं तिकीट स्वस्तातलं, त्यावर सामान मोजकंच चालणार होतं. पिशवी डिंकाच्या लाडवांनीच भरली. पण बाळाला गुंडाळायला आजीचं मऊ, जुनं लुगडं तर हवंच. मग ती लुगडी नेसूनच निघाली.

"ही जाडी माही नाही रे भाऊ, नातवाची हाय," ती कंडक्टरला म्हणाली. "गाडी चुकली तं इमान जाईन. मंग त्याले कशात गुंडाळू, तुह्या तिकिटात?"

आता गाडी कंडक्टरवर हसली, आणि तोही हसत बाजूला झाला. घामाने निथळत आजी खिडकीशी बसली. तालुक्याबाहेर कधी न गेलेली ही बाई समुद्रापार निघाली होती, आणि तिच्या काळजीने भ्यायलो होतो आम्हीच.

वाचकहो, घरातल्या म्हातारीला "तुला काय जमणार" म्हणणं बंद करा. याच आठवड्यात तिच्या पासपोर्टचा अर्ज भरा.