किसनबुवांच्या मडक्यातलं पाणी

अमरावतीहून अकोल्याला तान्हं लेकरू घेऊन निघणार असाल, तर आधी आपलं पाणी आपण भरून घ्या. माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. मुलगी नऊ दिवसांची, दूध ओढेना, आणि बाप्तिस्मा राहिलेला. नवरा अकोल्यात रेल्वेच्या कामावर सुतार. पाद्री तिथे चार दिवसांसाठी आलेत, असा त्याचा निरोप आला आणि मी उठलेच. बाप्तिस्म्याविना लेकरू गेलं तर त्याला स्वर्गाचं दार बंद, हे ऐकतच आम्ही वसईची माणसं वाढलो.

गाडी मिळता मिळेना. सातासमुद्रापार लढाई लागलीय, तिकडचा कापूस बंद, म्हणून इथे कापसाला सोन्याचा भाव. माणसाला कोण बसवतो! तिप्पट भाडं सांगत होते मेले. शेवटी कापसाची गाडी घेऊन अकोल्याला निघालेले शेजारचे किसनबुवा माळी म्हणाले, "बस माय कापसावर. भाडं नोको देऊ."

बडनेऱ्यापुढे रस्ता कसला, नुसता काळा फुफाटा आणि गाड्यांची रांग. मूर्तिजापूरला भाकरी-ठेचा झकास मिळतो. माझ्या घशाखाली घास उतरेल तर शपथ. सारखी तिच्या नाकापाशी बोट धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पोरगी लुळी पडली. ओठ निळे! पाद्री नसला तर कुणीही कपाळावर पाणी ओतून बाप्तिस्मा द्यावा, हे मला ठाऊक होतं. मी बुवांच्या मडक्याकडे झेपावले, तर त्यांनी ते मागे ओढलं.

"सुवेर हाये तुले, माय. बारा दिवस बाळंतिणीचा हात पान्याले चालत नाई. तू मंतर म्हन, पानी मी टाकतो."

"अहो, मरतेय ती!"

"मंग भांडून कावून राहिली? म्हन लवकर!"

पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने, असं मी म्हणत गेले आणि बुवा कपाळावर धार धरत गेले. तिसऱ्या धारेला पोरगी दचकली आणि टाहो फोडून रडली. बुवाही रडले. त्यानंतर अकोल्यापर्यंत मी बिनघोर झोपले.

अकोल्यात पाद्रींनी विचारलं, "पाणी कुणी ओतलं? शब्द कुणी म्हटले?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"ओतणारा आणि म्हणणारा एकच लागतो, बाई. हा बाप्तिस्मा झालाच नाही."

म्हणजे मी घोरत होते तेव्हा ती गेली असती तर? पाद्रींनी तिथल्या तिथे संस्कार केला, तरी मी तेच विचारलं.

"संस्कारांनी आपण बांधलेलो, देवाचे हात नाहीत बांधलेले," ते म्हणाले. "आपण न कमावता तो देतो, म्हणून तर ती कृपा."

बाहेर बुवा उभे होते. "मंग माह्यं पानी वाया गेलं का, माय?" मी पोरीचं ओलं कपाळ पुसायला लागले.

घरी परतलो त्याला आता सहा महिने झाले. 'कृपेने भरलेल्या मरिये' ही रोजची प्रार्थना म्हणताना माझी जीभ अजून अडखळते, झोपलेल्या पोरीच्या नाकापाशी बोटही जातं. भीती काही गेली नाही. पण काल तिला काखोटीला मारून बुवांच्या दारात गेले.

"बुवा, ते पाणी वाया नाही गेलं. त्या पाण्यानंच ही रडली."

बुवा आत गेले, तेच मडकं आणून माझ्या हातात दिलं. "पाज तिले," म्हणाले.