अक्काच्या गोधडीत काय होतं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. दुकानात माझ्यासोबत टाके घालणाऱ्या बायकांनाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही पारोळ्याचे नाही, एवढं बहुधा पुरेसं असावं.

जुन्या जळगावात माझं गोधड्यांचं दुकान आहे. तुम्ही कदाचित मोबाइलवर पाहिलंही असेल. अजिंठ्याला जाणारे लोक वाट वाकडी करून येतात. सुरतेहून, इंदूरहून, नाशिकहून येतात. पुढच्या खोलीत कापडाचे गठ्ठे, आतल्या खोलीत चटईवर पसरलेल्या गोधड्या आणि त्यांच्या कडेला बसलेल्या आम्ही. येणारे म्हणतात, ताई, तुमच्याकडे कापडाला जीव आहे हो. मी हसते. काय म्हणणार दुसरं?

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी गल्लीतल्या बायका जुनी लुगडी घेऊन यायच्या, मी शिवून द्यायचे, बस. त्या दिवसांत एकदा पारोळ्याहून सुमनअक्का आल्या. एसटीनं, एकट्या, डोक्यावर गाठोडं. त्यांची एकुलती मुलगी पूनम धुळ्याला नर्सिंगला होती, होस्टेलवर. डेंग्यूचा ताप आला आणि गेली. खोलीतल्या मैत्रिणींनी तिचे कपडे तिच्याच चादरीत बांधून घरी पाठवले होते. अक्कांनी ती गाठ सोडलीच नव्हती. सोडवतच नव्हती, म्हणाल्या.

गाठोडं माझ्यापुढे सरकवलं. वर स्वतःचं एक हिरवं लुगडं ठेवलं.

"तिना कपडा बठ्ठा मधमा टाक, माय," अक्का म्हणाल्या. "वरतीन मनं लुगडं. माले दिसाले नको. फक्त अंगवर पाहिजेत."

तिचे सगळे कपडे आत, वरून आईचं लुगडं. म्हणजे लेक आईच्या पोटात — असं काही त्या बोलल्या नाहीत, पण माझ्या मनात आलं तेच. मी मान हलवली. त्यांच्या हातावर हात ठेवून, काळजी करू नका अक्का, असंही म्हणाले. त्या वेळी ते खरंच होतं. एवढं तरी मानाल ना?

गाठ मीच सोडली. आत काय काय होतं — नारिंगी बांधणीची ओढणी, कॉलेजच्या कार्यक्रमात एकदाच नेसलेली मोरपंखी साडी, आरशांचं काम केलेला कुर्ता, धुऊन धुऊन मऊ झालेले दोन सुती ड्रेस. पोरीला रंगांची नजर होती. कपड्यांना अजून कसल्याशा पावडरीचा वास होता.

ते कापड कट्ट्यावर पसरलेलं असतानाच पुण्याच्या बाई दुकानात आल्या. गावोगावची कापडाची दुकानं शोधत फिरायच्या, व्हिडिओ करायच्या. येवल्याहून आल्या होत्या, पुढे बऱ्हाणपूरला निघाल्या होत्या. माझ्या तयार गोधड्या त्यांनी उलटसुलट केल्या, छान आहेत म्हणाल्या — आणि मला कळलं की त्यांना एकही आवडलेली नाही. तेवढ्यात त्यांची नजर कट्ट्यावर गेली. ओढणी उचलून त्यांनी उजेडात धरली.

"याची करून द्याल? हे सगळं वरून दिसेल अशी? हे कपडे कुणाचे आहेत?"

मी म्हणाले, "आमच्याच घरातले."

किती पटकन म्हणाले! जीभ अडखळली नाही. पैशासाठी म्हणाले असते तर निदान गरज होती असं सांगता आलं असतं. तशी गरज नव्हती. मला त्या बाईंच्या व्हिडिओत जायचं होतं. लांबून आलेल्या माणसानं माझं काम बघून क्षणभर गप्प व्हावं, एवढंच हवं होतं. आणि त्या गप्प झाल्या होत्या — पण माझ्या कामाकडे बघून नाही. पूनमच्या ओढणीकडे बघून.

ती गोधडी मी जीव ओतून केली. आजवर केलेल्यांत तीच सगळ्यात सुंदर, हे मला आजही म्हणावं लागतं. बाई परत जाताना घेऊन गेल्या. व्हिडिओ आला, लोक यायला लागले. पुढचं दुकान तुम्हाला माहीत आहे.

आणि अक्कांची? अक्कांची मी आतल्या खोलीत दार लावून एकटीनं शिवली. बोहारणीकडून भरीसाठी घेतलेल्या चिंध्यांचं पोतं होतं, त्यातून हाताला येईल ते घातलं. फाटके परकर, कुणाचे कुणाचे शर्ट, उशांचे अभ्रे. वरून ते हिरवं लुगडं. धावदोरा बारीक घातला — नेहमीपेक्षा बारीक. कशासाठी? उसवू नये म्हणून.

अक्का न्यायला आल्या तेव्हा मी बोटं मोडत उभी होते. त्यांनी गोधडी छातीशी धरली, तोंड त्यात खुपसलं. बराच वेळ. मला वाटलं, कळलं. आता वर बघतील आणि —

"मन्या पूनमना वास शे," अक्का म्हणाल्या.

माझ्या पोरीचा वास आहे. मी त्यांना पाणी दिलं.

त्यानंतर त्या आखाजीला यायच्या. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या दिवसांत अक्कांना घरात बसवायचं नाही. मग एसटी धरून माझ्याकडे यायच्या, माझ्यासाठी सांजोऱ्या आणायच्या. झोप लागते आता, म्हणायच्या. गोधडी घेतली की पोर आल्यासारखं वाटतं. मी त्यांच्या सांजोऱ्या खायचे. त्या घशाखाली कशा उतरल्या, हे मला विचारू नका, उतरल्या.

गिऱ्हाइकं मोबाइल पुढे करून मला ती पुण्याची गोधडी दाखवायची — अशीच हवी. प्रत्येक वेळी मी आधी दाराकडे बघायचे.

इथवरचं कदाचित तुम्ही समजून घ्याल. पुढचं आहे ते खरं.

एका वर्षी अक्का आखाजी नसतानाच आल्या. बरोबर गोधडी. उंदरानं कोपरा कुरतडला होता. त्या भोकातून त्यांनी बोटानं काहीतरी बाहेर ओढलं होतं — पुरुषी शर्टाचा खिसा, निळ्या चौकड्यांचा.

"हाऊ कोना शे?"

त्यांचा आवाज अगदी साधा होता. संशय माझ्यावर नव्हताच. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं, हा कुणाचा.

भरीला एक शर्ट घातला, म्हणाले असते तर? चाललं असतं. पण मग त्या म्हणाल्या असत्या, उसव, तो काढ, तिचंच राहू दे. आणि उसवली असती तर — तिचं तिथे काहीच नव्हतं. हा सगळा विचार माझ्या डोक्यात क्षणात फिरला. माणूस घाबरलं की डोकं किती चलाख चालतं!

मी म्हणाले, "तुमच्याच गाठोड्यात होता, अक्का."

त्या खाली बसल्या. खिसा मांडीवर ठेवून त्यावरून हात फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे कोन्ही तरी व्हतं तिनं."

म्हणजे पोरीचं कुणीतरी होतं. त्या रडतील असं वाटलं होतं. त्या हसल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण हसल्या. धुळ्यात पोर एकटी तापात पडली होती, हे त्यांना इतकी वर्षं खात होतं. आता कुणीतरी उशाशी बसलं असेल, असं त्यांना वाटलं. "त्याले सोधसू मी," म्हणाल्या. "अर्धी गोधडी त्याले देसू."

कोपऱ्याला मी ठिगळ लावून दिलं.

त्या खरंच शोधायला गेल्या. धुळ्याला गेल्या, होस्टेलवर विचारलं, पूनमच्या मैत्रिणींची लग्नं झालेली घरं हुडकली. असा कुणी नव्हता, असं सगळ्यांनी सांगितलं. अक्कांना वाटलं, लपवतात. त्या विचारत राहिल्या आणि बोलणं पारोळ्यात पोचलं. नर्सिंगला पाठवलेली पोर, आणि तिच्या कपड्यांत पुरुषाचा शर्ट. तुम्हाला माहीतच आहे, एवढ्यावर लोक काय काय रचतात. तिच्या वडिलांपर्यंत — नाना, मार्केट यार्डात धान्य मोजायच्या कामाला होते — ते चारचौघांत कुणीतरी पोचवलं. नाना घरी आले आणि त्यांनी पूनमचा फोटो भिंतीवरून काढला. हे मला अक्कांनीच सांगितलं, इथे, या कट्ट्याशी बसून. त्यांचं स्वतःचं मत बदललं नव्हतं — पोरीजवळ कुणीतरी होतंच. फक्त म्हणाल्या, "तू तरी खरं मानस ना, माय?"

हो, अक्का, म्हणाले मी.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. मी दशक्रियेला पारोळ्याला गेले. जाताना ठरवून गेले होते — नानांना सांगायचं. नाना अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. आत भिंतीवर खिळा होता आणि त्याखाली रंग न उडालेला चौकोन. तिथे आता हिचा लावू, नाना म्हणाले. मी विचारलं, आणि पूनमचा? त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पोरीनं जे केलं ते केलं. हिनं ते जन्मभर अंगावर पांघरलं."

माझ्या हातात चहा होता. दुधाचा, साखर जास्त. मी तो संपवला, कप आत नेऊन ठेवला आणि स्टँडवर आले.

गोधडी अक्कांसोबत चितेवर गेली. म्हणजे पुरावा वगैरे आता काही उरलेलं नाही. मला धरणारं कुणी नाही. पुण्याच्या बाईंना काही माहीत नाही. पूनमचं कुणी नव्हतं — तो शर्ट कुणाचा, मलाही ठाऊक नाही. पोत्यातून हाताला आला होता.

नाना अजून आहेत. थकलेत, ऐकू कमी येतं म्हणतात, पण आहेत. जळगावहून पारोळ्याला दिवसभर गाड्या असतात; सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येतं. सांगायचं ते एक वाक्य आहे. ते मी तुम्हाला सांगितलं. त्यांना नाही.